ग्वाटेमाला सिटीत दोन रात्री राहायचं तर: कुठला झोन, किती वाजता आणि कसं

मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमालाला जाणारे बहुतेक लोक राजधानीत थांबतच नाहीत, विमानतळाच्या दारातून बाहेर पडले की शटलमध्ये बसून थेट अँटिग्वा, म्हणजे जवळचं जुन्या राजधानीचं गाव. आणि नेटवर शोधलं तर ठरलेली दोन वाक्यं मिळतात, सिटीत बघण्यासारखं काही नाही आणि सिटी डेंजर आहे. पहिलं मला अजिबात पटत नाही. दुसरं खरं आहे पण ते कुठे आणि कधी हे सांगितल्याशिवाय त्याचा काही उपयोग नाही. २००९ च्या सुमारास या देशात दर लाख माणसांमागे वर्षाला ४५ च्या आसपास खून व्हायचे, आता तो आकडा निम्म्याहूनही बराच खाली आलाय, तरी भारतापेक्षा कितीतरी जास्तच आहे. यातली बरीचशी हिंसा मारा साल्वात्रुचा आणि बार्रिओ १८ या टोळ्यांच्या खंडणीतून होते, आणि खंडणी देतात बसवाले, दुकानदार, टोर्टियाच्या (मक्याच्या भाकरीच्या) टपऱ्या चालवणाऱ्या बायका. दोन दिवसांसाठी आलेल्या पाहुण्याला त्या भानगडीत कोणी ओढत नाही. तुमच्या वाट्याला येऊ शकतं ते म्हणजे मोबाईल हिसकावणं, एटीएमपाशी गाठणं, रस्त्यात बंदूक दाखवून पाकीट मागणं. हे टाळण्याची सोय बरीचशी घरून निघण्याआधीच करता येते, म्हणून क्रमाने सांगतो. माझं तिकडे जाणं कामानिमित्त झालंय, त्यामुळे ज्यांना एक-दोन मीटिंग आणि मधे एखादा मोकळा दिवस आहे किंवा पुढे टिकालचे माया अवशेष बघायला, अँटिग्वाला जाताना मधे थांबायचंय त्यांना डोळ्यासमोर ठेवून लिहितोय.

निघण्याआधी

व्हिसाचं आधी. भारतीय पासपोर्टला व्हिसा लागतो असं धरूनच चला. अमेरिका, कॅनडा किंवा शेंगेनचा चालू व्हिसा असणाऱ्यांसाठी वेगळा नियम असू शकतो, तर तुमच्या केसमध्ये काय लागू होतं ते नवी दिल्लीतल्या ग्वाटेमालाच्या दूतावासाला मेल करून लेखी घ्या आणि त्या मेलचा प्रिंट जवळ ठेवा, कारण खरी अडचण तिथल्या इमिग्रेशनपेक्षा मुंबईच्या चेक-इन काउंटरवर यायची शक्यता जास्त, तिथल्या मुलाने ग्वाटेमालाचा प्रवासी आठवड्यात एखादा पाहिला असेल नसेल. ग्वाटेमाला, एल साल्वादोर, होंडुरास, निकाराग्वा या चार देशांचा मिळून एक करार आहे, चारही धरून ९० दिवस, तेव्हा पुढे जाणार असाल तर दिवस एकत्र मोजले जातात.

मुंबईहून थेट विमान नाही. अमेरिकेवरून गेलात तर नुसतं विमान बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा हवाच. माद्रिद, मेक्सिको सिटी, पनामा, बोगोटा असे बाकीचे रस्ते आहेत पण प्रत्येकाचे ट्रान्झिटचे नियम वेगळे, तिकीट काढायच्या आधी बघा, नंतर नाही. पनामावरून परत येणार असाल तर अजून एक बारीकशी गोष्ट, पनामा हा भारताच्या यलो फीव्हरच्या यादीतला देश आहे, लसीचं सर्टिफिकेट लागेल का ते आधीच विचारून घ्या. ग्वाटेमाला त्या यादीत नाही.

तिकिटाची वेळ अशी निवडा की तुम्ही तिथे उजेडी उतराल. माझ्या मते या सगळ्या लेखातला हा सगळ्यात महत्त्वाचा सल्ला आहे आणि त्याला फार तर थोडे पैसे जास्त पडतात. रात्री अकराला उतरणारं विमान स्वस्त असतं, पण मग थकलेलं अंग, अनोळखी रस्ता, डाउन झालेली बॅटरी आणि अंधार हे सगळं एकदम अंगावर येतं.

पैशांची तयारी म्हणजे व्हिसा किंवा मास्टरकार्डची दोन वेगळ्या बँकांची कार्डं, दोन्हीवर इंटरनॅशनल वापर बँकेच्या अ‍ॅपमधून सुरू करून आणि एटीएमची लिमिट कमी ठेवून. युपीआय तिथे चालत नाही हे वेगळं सांगायला नको. आणि भारतातलं सिम रोमिंगवर चालू ठेवा, महागडा पॅक नको पण एसएमएस आला पाहिजे, कारण कार्डाचा ओटीपी त्यावरच येणार आणि तिथे उभं राहून बँकेला फोन लावायचा म्हणजे भारतात रात्रीचे किंवा पहाटेचे किती वाजलेत हे आधी बघा, आपण त्यांच्या साडेअकरा तास पुढे. त्यांचे संध्याकाळचे आठ म्हणजे आपली दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसात, घरी बोलायला तीच वेळ बरी.

थोडे डॉलर न्या, पण कोऱ्या नोटा. फाटलेली, शाई लागलेली, कोपऱ्यात पेनाने लिहिलेली डॉलरची नोट तिथे बँकसुद्धा परत करते. वीज ११० ते १२० व्होल्ट, पिन अमेरिकेसारखी चपटी. मोबाईल लॅपटॉपचे चार्जर चालतात, भारतातली केटल नेऊ नका, पाणी गरमच होत नाही. प्रवासाचा विमा काढा आणि त्यात हॉस्पिटलचा खर्च नीट धरलेला आहे ना ते वाचा. शहर समुद्रसपाटीपासून साधारण १५०० मीटरवर आहे, म्हणजे महाबळेश्वरपेक्षाही थोडं वर, त्यामुळे सिटीत मलेरियाची काळजी नाही, डेंगी मात्र देशात आहे तेव्हा ओडोमॉस टाका बॅगेत. हवा मस्त असते, रात्री पातळ स्वेटर लागतो. मे ते ऑक्टोबर पावसाळा, पण सकाळ बहुतेक कोरडी आणि दुपारनंतर धो धो, म्हणून त्या महिन्यांत जे काय फिरायचं ते सकाळीच उरका.

झोना म्हणजे काय ते आधी समजून घ्या

शहराचे नंबर दिलेले भाग आहेत, त्यांना झोना म्हणतात. जुन्या मध्यवस्तीचा झोना १, आणि तिथून गोगलगायीच्या शंखासारखे बाकीचे नंबर गोल गोल बाहेर जातात, शेवटचा नंबर २५ आहे पण मधले काही नंबर वापरातच नाहीत, त्यामुळे झोना एकूण २२. उत्तर-दक्षिण रस्ते आवेनिदा, पूर्व-पश्चिम रस्ते काये, आणि त्यांनाही नंबर. आता पत्ता असा असतो: ६ वी आवेनिदा ९-४५, झोना १०. म्हणजे सहाव्या आवेनिदावर, नवव्या कायेच्या कोपऱ्यापासून पुढे, ४५ नंबरचं दार. एकदा डोक्यात बसलं की पुण्याच्या पेठांपेक्षा सोपं आहे हो. पण घोळ कुठे होतो, तर सहावी आवेनिदा आणि नववी काये एकापेक्षा जास्त झोनामध्ये आहेत! झोना न लिहिता नुसता पत्ता टाकला तर गाडी तुम्हाला भलतीकडेच नेईल, आणि भलतीकडे जाणं हेच तर टाळायचंय. हॉटेल बुक करताना, उबर टाकताना, मीटिंगचा पत्ता घेताना झोनाचा आकडा दोनदा वाचा.

राहायला कुठे? झोना १० हा सरळ पर्याय. हॉटेलं, ऑफिसं, बँका, ओकलंड मॉल, रेस्टॉरंटं सगळं तिथेच आणि दिवसा, संध्याकाळी लवकर पायीही फिरता येतं. त्यातल्या रात्रीच्या गर्दीच्या भागाला झोना व्हिवा म्हणतात, तिथलं हॉटेल घेतलंत तर शुक्रवार-शनिवारी पहाटेपर्यंत धडधड ऐकू येईल एवढं लक्षात ठेवा, एक-दोन गल्ल्या सोडून घ्या. विमान अडनिड्या वेळेला असेल तर झोना १३ बघा, विमानतळ त्याच झोनात आहे आणि लगतच्या गेटबंद कॉलन्यांमध्ये छोटी घरगुती गेस्टहाऊसं आहेत, बरेच जण विमानतळावरून न्यायला-सोडायला येतात. मला एका रात्रीसाठी हेच आवडतं, फक्त आसपास जेवायला फारसं काही नसतं. झोना ४ मध्ये क्वात्रो ग्रादोस नोर्ते म्हणून कॅफे आणि भित्तिचित्रांचा छान पट्टा झालाय, तरुण मंडळींना आवडेल. झोना १४ शांत, श्रीमंत, गाडीशिवाय पंगू. झोना १६ मधलं कायाला म्हणजे पांढऱ्याशुभ्र भिंतींचं, नवंकोरं बांधलेलं खासगी गाव, अगदी सुरक्षित आणि मला विचाराल तर अगदी बेचव, पण लहान मुलं बरोबर असतील तर संध्याकाळ घालवायला सोय आहे. झोना १ मध्ये जुनी सुंदर हॉटेलं स्वस्तात मिळतात, पण अंधार पडला की तिथली दुकानं बंद होतात आणि रस्ते ओस पडतात, पहिल्यांदा जाणाऱ्याने तिथे दिवसा जावं, रात्री झोपायला नको.

न जाण्याचे भाग: झोना १८ आणि शहराला लागून असलेलं व्हिया नुएवा, जिथे अमेरिकन सरकार आपल्या नागरिकांना जाऊच नका म्हणतं. झोना ३, झोना ६, झोना २१ इथेही तुमचं काही काम नाही. झोना ३ मध्ये मोठी जुनी दफनभूमी आहे आणि तिच्या कडेवरून शहराचा कचरा डेपो दिसतो, तिथले फोटो बघून काहींना जावंसं वाटतं, ओळखीच्या स्थानिक माणसाशिवाय जाऊ नका.

उतरल्यावरचा पहिला तास

विमानतळाचं नाव ला औरोरा, आणि तो शहराच्या आतच आहे, झोना १० ला ट्रॅफिक नसेल तर पंधरा-वीस मिनिटं. सामान घेऊन बाहेर आलात की एकदम गर्दी दिसेल, अख्खीच्या अख्खी कुटुंबं फुगे घेऊन अमेरिकेहून आलेल्या कोणालातरी न्यायला आलेली असतात, त्यात टॅक्सीवाले, पैसे बदलणारे, बॅग उचलू का विचारणारे. गडबडून जाऊ नका. बाहेर पडायच्या आधीच आतमध्ये तीन कामं उरकून घ्या: वायफाय जोडा नाहीतर ईसिम चालू करा (लोकल सिम टिगो किंवा क्लारोचं, दोन्ही चांगली चालतात), थोडे केत्साल काढा, आणि हॉटेलला व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज टाका. तिथे सगळा देश व्हॉट्सअ‍ॅपवर चालतो, हॉटेलं, दवाखाने, टूरवाले सगळे.

केत्साल हे चलन, एका डॉलरला साडेसात ते आठच्या मधे असतो आणि वर्षानुवर्षं फारसा हलत नाही, हिशोबाला बरं. विमानतळावर पैसे बदलायचा भाव वाईट असतो म्हणून तिथे गाडी आणि पहिल्या जेवणापुरतेच घ्या, बाकी दुसऱ्या दिवशी मॉलच्या किंवा बँकेच्या आतल्या एटीएममधून. रस्त्याला तोंड करून असलेलं एटीएम दिवसासुद्धा नको. शंभर आणि दोनशेच्या नोटा छोटी दुकानं मोडून देत नाहीत, सुपरमार्केटमध्ये पाण्याची बाटली घेऊन मोडून घ्या.

गाडीसाठी पहिला पर्याय हॉटेलने पाठवलेली, नावाची पाटी घेऊन उभा राहणारा माणूस. थोडे जास्त डॉलर लागतात पण पहिल्या दिवशी त्याचा विचार करू नका. दुसरा उबर, शहरात व्यवस्थित चालते. नंबरप्लेट, ड्रायव्हरचा फोटो जुळवा, नाव तुम्ही आधी सांगू नका, त्याला तुमचं नाव विचारू द्या. मागे बसा. काचा वर, दारं लॉक, आणि मोबाईल मांडीवर खाली, कारण सिग्नलला दोन गाड्यांच्या मधून मोटरसायकल येते आणि मागे बसलेला माणूस काचेतून फोन दिसला की थांबतो. तिथल्या लोकांच्या गाड्यांच्या काचा काळ्याकुट्ट असतात त्याचं कारण उन्हापेक्षा हेच जास्त.

आणि एक, पहिल्या फेरीतच तुम्हाला बंदुका दिसतील. औषधाच्या दुकानाबाहेर, बँकेबाहेर, हॉटेलच्या गेटवर, एवढंच काय माल पोचवणाऱ्या ट्रकवरसुद्धा गणवेशातला गार्ड शॉटगन घेऊन उभा. आपल्याला दचकायला होतं. तिथे ते रोजचं आहे, त्यांना बुएनोस दिआस म्हणा, ते हसून उत्तर देतात.

शहरात हिंडताना

रंगीबेरंगी सजवलेल्या बस, म्हणजे कामिओनेता, फोटोत छान दिसतात, शहरात त्यांत चढू नका. खंडणी न दिल्याबद्दल ज्यांच्यावर गोळ्या चालतात ते ड्रायव्हर याच बसचे, आणि बसमध्ये चढून सगळ्यांचे फोन गोळा करणं हाही तिथला जुना धंदा. ट्रान्समेत्रो मात्र वेगळी, २००७ पासून चालू आहे, स्वतःची लेन, बंदिस्त स्टेशनं, पोलीस. दिवसा, गर्दीची वेळ सोडून, बॅग पुढे घेऊन जायला हरकत नाही, पण दोन दिवसांसाठी तिचं कार्ड वगैरे काढत बसण्यापेक्षा उबरच करा. सूर्य मावळल्यावर तर दोन चौक जायचं असलं तरी गाडी. तिथे वर्षभर सहा-साडेसहाला अंधार होतो, आपल्याला वाटतं अजून वेळ आहे आणि पंधरा मिनिटांत मिट्ट होतं.

ट्रॅफिक हा वेगळा विषय. सकाळी साडेपाच-सहापासून नऊ आणि दुपारी चार ते आठ शहर अक्षरशः थांबतं. त्यात अधूनमधून ब्लोकेओ, म्हणजे रास्ता रोको. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये निवडणुकीच्या वादावरून देशभर रस्ते बंद होते, कित्येक दिवस. म्हणून रोज सकाळी रिसेप्शनवर एवढं विचारा की आज ब्लोकेओ आहे का. त्यांना दहा मिनिटं आधी कळलेलं असतं.

अंगावर काय ठेवायचं: पासपोर्टची आणि शिक्क्याच्या पानाची झेरॉक्स, दिवसापुरते पैसे एका साध्या पाकिटात, एक कार्ड बुटात किंवा आतल्या खिशात. मूळ पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत. मंगळसूत्र, सोन्याच्या बांगड्या, चेन घरीच, हे मी बायकांना आणि पुरुषांना दोघांनाही सांगतोय, गळ्यातल्या जाड चेनवाले आपल्यात कमी नाहीत. आणि कोणी खरंच आडवा आला तर पाकीट, फोन देऊन टाका, हात दिसतील असे ठेवा, डोळ्यांत बघू नका, हुज्जत घालू नका. बंदूक नसेल असं गृहीत धरून पळू नका.

मोकळा दिवस कसा घालवायचा

सकाळी नऊला उबरने झोना १, आणि पत्ता टाका प्लासा दे ला कोन्स्तितुसिओन, म्हणजे मुख्य चौक. १७७३ च्या भूकंपांनी अँटिग्वा मोडली म्हणून १७७६ मध्ये राजधानी इथे हलवली, आणि मग इथेही भूकंप सुटले नाहीतच, ४ फेब्रुवारी १९७६ च्या भूकंपात देशात सुमारे २३ हजार माणसं गेली. चौकाच्या उत्तरेला हिरवट दगडी राजवाडा दिसतो तो पालासिओ नासिओनाल, हुकूमशहा होर्हे उबिको याने बांधून घेतलेला, १९४३ मध्ये पूर्ण झाला, लोक त्याला त्या रंगावरून ग्वाकामोलोन म्हणतात. आत गाईडबरोबर फिरता येतं, जिने आणि भित्तिचित्रं बघायला नक्की जा.

पूर्वेला कॅथेड्रल. तिच्या दारासमोरचे खांब जवळ जाऊन बघा, त्यांवर बारीक अक्षरांत नावं कोरलीत, १९६० ते १९९६ च्या यादवी युद्धात मारल्या गेलेल्या आणि गायब केलेल्या लोकांची. त्या युद्धात दोन लाखांहून जास्त माणसं मेली किंवा नाहीशी झाली असा अंदाज आहे, बहुतेक माया आदिवासी. हे सगळं नोंदवून अहवाल काढणारे बिशप हुआन हेरार्दी यांना तो अहवाल मांडल्यानंतर दोनच दिवसांत, २६ एप्रिल १९९८ ला, इथून चालत काही मिनिटांवरच्या चर्चच्या आवारात ठार मारलं. शहर एवढं सावध का आहे, लोक अनोळखी माणसाशी राजकारण का बोलत नाहीत, ते त्या खांबांपाशी उभं राहिलं की जरा कळतं. तुम्हीही टॅक्सीत तो विषय काढू नका.

कॅथेड्रलच्या मागे मेर्कादो सेंत्राल, जमिनीखाली. वरच्या मजल्यावर कापड, चामडं, लाकूड, खाली भाजी आणि खाणावळी. अँटिग्वापेक्षा भाव बरे, घासाघीस करा पण हसत. गर्दीत खिसे सांभाळा. इथे वेलची दिसली तर थांबा, ग्वाटेमाला हा जगातल्या सगळ्यात मोठ्या वेलची उत्पादकांपैकी एक, मुख्यतः आल्ता वेरापासच्या डोंगरात होते, बरीचशी अरबांकडे आणि आपल्याकडे जाते आणि तिथल्या माणसाला विचाराल तर ती खायची कशी हेही धड माहीत नसतं! मसाल्याच्या व्यापारातले काही भारतीय या शहरात ये-जा करतात ते त्याच कारणाने.

मग सेक्स्ता आवेनिदा, सहावी. गाड्या बंद केलेला रस्ता, दोन्ही बाजूंना जुन्या सिनेमागृहांच्या, दुकानांच्या इमारती, मधे बूटपॉलिशवाले, गाणारे, आइस्क्रीम. चौकापासून दक्षिणेला सरळ चालत रहा, आडगल्ल्यांत शिरू नका, मधे कॉफीला बसा. दुपारी दोनपर्यंत इथून निघा. रविवारी चौकात कुटुंबांची जत्रा असते, तो दिवस मिळाला तर उत्तमच.

इथून गाडीने दहा मिनिटांवर, झोना २ मध्ये, मापा एन रेलिएवे आहे आणि ते माझं या शहरातलं सगळ्यात आवडतं ठिकाण. इंजिनियर फ्रान्सिस्को वेला यांनी १९०५ मध्ये पूर्ण केलेला, अख्ख्या देशाचा उघड्यावरचा सिमेंटचा नकाशा, मनोऱ्यावर चढून बघायचा. आडवं माप दहा हजाराला एक आणि उंचीचं दोन हजाराला एक, म्हणून ज्वालामुखी सुळक्यांसारखे टोकदार दिसतात. विमानातून देश बघायची सोय नव्हती तेव्हा एका माणसाने हे मोजून केलंय. शेजारचा बेलीझ देशही त्यात ग्वाटेमालाचाच भाग म्हणून दाखवलाय, तो वाद अजून मिटलेला नाही. नकाशा बघून तिथेच उबर बोलवा आणि गेटच्या आत थांबा, आसपास पायी भटकू नका.

दुपारी पाऊस येणार असेल तर झोना १० मधल्या फ्रान्सिस्को मारोकिन विद्यापीठाच्या आवारात जा. तिथे शेजारी शेजारी दोन म्युझियम आहेत, पोपोल वू मध्ये माया मातीची भांडी आणि मूर्ती, इश्चेलमध्ये हातमागाचं कापड, गावोगावचे उइपिल म्हणजे बायकांचे विणलेले झगे, कुठल्या गावची बाई हे झग्यावरून कळायचं. पैठणी-इरकल बघून मोठे झालेल्यांना तिथे तास कमी पडतो. शनिवार-रविवार असेल तर वेळा आधी तपासा. रविवारी सकाळी मात्र झोना १४ ची आवेनिदा लास आमेरिकास गाड्यांना बंद करून पासोस इ पेदालेस चालतं, मुलं सायकली, कुत्रे, आजीआजोबा सगळे रस्त्यावर, तिथे तुम्हीही बिनधास्त चाला.

माया अवशेष शहरातच हवे असतील तर झोना ७ मध्ये कामिनालहुयु आहे, पण पहिल्या खेपेला सोडलंत तरी चालेल, मातीचे ढिगारे आहेत आणि समजावून सांगणारा नसेल तर काही हाती लागत नाही.

फोटो काढताना लहान मुलांचे, बायकांचे फोटो न विचारता काढू नका. मुलं पळवण्याच्या अफवांवरून या देशात जमाव बिथरलेत, २००० मध्ये तोदोस सांतोस गावात एका जपानी पर्यटकाचा त्यातच जीव गेला. तो डोंगरातला भाग, शहर वेगळं, पण सवय तीच ठेवा.

खाणं-पिणं

नळाचं पाणी नको, दात घासायलाही बाटलीचंच. बर्फ मोठ्या रेस्टॉरंटमध्ये चालतो, टपरीवर नाही. मांसाहारींनी पेपिआन खावं, भाजलेल्या बिया आणि मिरच्यांची दाट आमटी, आपल्या जिभेला लगेच रुचते. कोंबडी तळून देणारं पोयो काम्पेरो १९७१ पासून आहे आणि लोक विमानात डबे घेऊन अमेरिकेला जातात, अख्ख्या केबिनला वास.

शाकाहारींची उपासमार होत नाही पण कल्पनाशक्ती लागते. काळ्या घेवड्याची फ्रिहोलेस, मक्याच्या हाताने थापलेल्या टोर्टिया, तळलेली केळी, पांढरं चीज, ग्वाकामोल, अंडी चालत असतील तर अंडी, नाश्त्याला हे सगळीकडे असतं. रेयेनितो म्हणून केळ्यात गोड घेवडा भरून तळतात तो चुकवू नका. विचारताना नुसतं व्हेजिटेरियन म्हणू नका, त्यात चिकन चालतं असं बऱ्याच जणांना वाटतं. नो कोमो कार्ने, नि पोयो, नि पेस्कादो (मांस, कोंबडी, मासे खात नाही) असं पूर्ण म्हणा, आणि घेवड्यात मान्तेका म्हणजे डुकराची चरबी आहे का ते विचारा. पक्के शाकाहारी, जैन मंडळींनी थेपले, मेतकूट, इन्स्टंट पोहे न्यावेत. टिप दहा टक्के, बिलात आधीच प्रोपिना लिहिलंय का बघा.

काही झालंच तर

हे नंबर फोनमध्ये आणि कागदावर दोन्हीकडे लिहून ठेवा, फोनच गेला तर कागद. पर्यटकांसाठी प्रोआतुर, १५००, पोलिसांपेक्षा आधी इथे लावा, त्यांचं कामच हे आहे. पोलीस ११०. अँब्युलन्स तिथे अग्निशमन दलाकडे असते, १२२ आणि १२३. दुखलंखुपलं तर खासगी हॉस्पिटल, बरीचशी चांगली झोना १० मध्येच आहेत, दारातच कार्ड किंवा डिपॉझिट मागतात म्हणून विम्याचा कागद जवळ हवा. भारताचा दूतावास २०११ पासून याच शहरात आहे, पासपोर्ट हरवला तर दुसऱ्या देशात पळावं लागत नाही, त्यांचा इमर्जन्सी नंबर निघण्यापूर्वी वेबसाइटवरून उतरवून घ्या. फोन गेला तर हॉटेलच्या कॉम्प्युटरवरून आधी कार्डं बंद करा, मग तक्रारीचं बघा, तक्रारीचा कागद विम्याला लागतोच.

भूकंपाचे छोटे धक्के जाणवतात, खोलीत शिरलात की जिना कुठे ते बघा. फुएगो ज्वालामुखी तर कायम धुमसत असतो, स्वच्छ हवेत शहरातून दिसतो. राखेमुळे कधी विमानतळ बंद होतो, मे २०१० मध्ये पकाया ज्वालामुखीच्या राखेने बरेच दिवस झाला होता. परतीच्या विमानाला पुढचं कनेक्शन अगदी चिकटवून घेऊ नका ते यासाठीही.

निघताना

अँटिग्वाला जायचं तर चाळीसेक किलोमीटर, रस्ता मोकळा असेल तर तास, नसेल तर अडीच. सकाळी साडेनऊ-दहाची शटल धरा, हॉटेल बुक करून देतं. उलट अँटिग्वाहून थेट विमान गाठायचं असेल तर विमानाच्या पाच तास आधी निघा, आणि पहाटेचं विमान असेल तर आदली रात्र झोना १३ मध्येच काढा, पहाटे तीनला त्या घाटरस्त्याने यायची काही गरज नाही.

उरलेले केत्साल शहरातच संपवा किंवा डॉलरमध्ये बदला, मुंबईत त्यांना कोणी विचारत नाही. विमानतळावर सिक्युरिटीच्या पलीकडे कॉफी मिळते पण सुपरमार्केटमध्ये, पाइस किंवा ला तोर्रे, तीच उएउएतेनांगोची, कोबानची कॉफी बरीच स्वस्त पडते, आदल्या दिवशी घेऊन चेक-इन बॅगेत टाका. दळलेली घेऊ नका, दाणे घ्या.